फडातला फोटो, भादव्यातली उचल

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून लाखो माणसे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि पुढे बेळगावपर्यंत जातात. त्यांच्या मागोमाग कॅमेरेही जातात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई, पाचटावर झोपवलेले मूल, पहाटेच्या धुक्यातली कोप्यांची रांग. हे फोटो आपण इतक्या वेळा पाहिले आहेत की डोळे मिटले तरी दिसतात. त्यातून या माणसांबद्दल आपल्याला नेमके काय कळले, हा प्रश्न मात्र उरतोच.

समजा, एखाद्या छायाचित्रकाराने हंगामात चार दिवस जाऊन येण्याऐवजी एका टोळीसोबत सबंध वर्ष राहायचे ठरवले. गावातली आगाऊ पैशांची उचल, फडातली तोडणी, पट्टा पडून हंगाम संपल्यावरची परतीची वाट, उन्हाळ्यातली लग्ने, पावसाळ्यातली पेरणी, सगळे पाहिले. आणि वर्षाच्या शेवटी, त्याच गावांत अनेक वर्षे ऊसतोड महिलांचे संघटन करणाऱ्या कार्यकर्तीपुढे तो फोटो मांडून बसला. पुढचे दोन आवाज कुणा ठरावीक व्यक्तींचे नाहीत. डॉक्युमेंटरी फोटोग्राफी करणारे आणि लोकांमध्ये काम करणारे यांच्यात हा वाद नेहमी चालतो. तो इथे दोन तोंडांनी मांडला आहे. माझे मत मी शेवटी सांगेन.

फड

कार्यकर्ती : दादा, फोटो सुंदर आहेत. मला आधी त्याचीच काळजी वाटली.

छायाचित्रकार : सुंदर असण्याची काळजी कशाला, ताई?

कार्यकर्ती : हा बघा. बाई मोळी घेऊन फळीवर चढतेय, मागे सूर्य उगवतोय. बघणारा म्हणेल, केवढे कष्ट! आणि पान उलटेल. शेतात राबणारी बाई कष्ट करते हे कुणाला माहीत नाही? तिला अंधारात उठून फडात का जावे लागते, मजुरी टनावर का मिळते, कारखाना तिला आपली कामगार का म्हणत नाही, ते या उजेडात कुठे आहे?

छायाचित्रकार : एका फोटोत ते नाही, मान्य. पण फोटोच नसेल तर तुमचे म्हणणे ऐकायला थांबणार कोण? १९४३ चा बंगाल घ्या. लाखो माणसे उपासमारीने मरत होती आणि सरकार दुष्काळ जाहीर करायला तयार नव्हते. २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने रस्त्यावर मरणाऱ्या माणसांचे फोटो छापले. त्यानंतर सरकारला नाही म्हणणे जड जाऊ लागले. सुनील जाना यांनी ‘पीपल्स वॉर’साठी तोच दुष्काळ टिपला. ते फोटो नसते तर आज आपण त्या माणसांबद्दल बोलत असतो का?

कार्यकर्ती : बोलतो, पण काय बोलतो? त्या फोटोंनी भूक दाखवली. तांदळाचा चढलेला भाव, साठेबाजी, युद्धाच्या नावाखाली सरकारने काढून घेतलेल्या होड्या, हे कुठल्या फोटोत आले? धान्य होते, पण मजुरांच्या हाताला लागत नव्हते, हे पुढे अमर्त्य सेन यांनी आकडे मांडून दाखवले. नुसत्या बरगड्या बघणाऱ्याला वाटते, पाऊस पडला नसेल, देवाने मारले असेल. आमच्या बायांचे हेच होते. फोटो बघून लोक ‘बिचाऱ्या’ म्हणतात. आणि बाई एकदा बिचारी ठरली की तिच्यावर अन्याय करणारा कोण, हे विचारायचे राहून जाते.

छायाचित्रकार : म्हणूनच मी वर्षभर राहिलो. फडात कष्ट दिसतात, कारण दिसत नाही. कारण गावात असते आणि ते भादव्यात दिसते. टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या ओट्यावर.

उचल

कार्यकर्ती : हा फोटो मी पहिल्यांदा बघतेय. मुकादम पैसे मोजतोय आणि पुढ्यात जोडपे बसलेय.

छायाचित्रकार : नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाच्या आधी कारखान्याकडून पैसा मुकादमाच्या हातात येतो, तो टोळीत वाटतो. एका कोयत्याची उचल लाखाच्या घरात जाते. कुणी लेकीच्या लग्नासाठी घेतो, कुणी दवाखान्यासाठी, कुणी गेल्या वर्षीची बाकी भागवायला. हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षीच्या वहीत चढते. डिसेंबरात फडात दिसणारी बाई तिथे का आहे, याचे उत्तर या ओट्यावर आहे. वर्षानुवर्षे फोटोवाले डिसेंबरात येतात, म्हणून हा फोटो कुणाकडे नसतो.

कार्यकर्ती : हे मी मान्य करते. फडातल्या दहा फोटोंपेक्षा हा एक मोलाचा आहे. पण तो काढताना तिथे कोण कोण होते?

छायाचित्रकार : मुकादम, ते दोघे, शेजारचे दोनचार जण. सगळ्यांना विचारूनच काढला.

कार्यकर्ती : मुकादमासमोर विचारले. त्याच्या हातात त्यांचे पैसे होते. तेव्हा ते नाही कसे म्हणतील? फडातही तेच. तुम्ही कारखान्याच्या किंवा मुकादमाच्या ओळखीने टोळीवर जाता. बाईला वाटते, हा त्यांचाच माणूस, नाही म्हटले तर उद्या आपल्याला कमी पाती मिळेल, गाडी उशिरा लागेल. ती मान हलवते. तुम्ही तिला होकार समजता. दादा, होकारही उचलीसारखा घेतला जातो. एकदा घेतला की समोरच्याने हंगामभर फेडत राहायचा.

छायाचित्रकार : म्हणून मी दुसऱ्यांदा विचारले. पट्टा पडल्यावर, सगळे गावी परतल्यावर, ज्यांच्या त्यांच्या घरी, मुकादम नसताना. तेव्हा काहींनी आधीचा होकार मागे घेतला. एका बाईने सांगितले, माझा फडातला फोटो वापरू नका, लेकीच्या सासरची माणसे बघतील. तो माझ्या सगळ्या कामातला सर्वांत चांगला फोटो होता. मी तो बाजूला ठेवला.

कार्यकर्ती : आणि तो आधीच छापून आला असता तर?

छायाचित्रकार : तर परत घेता आला नसता. हंगाम चालू असताना मी काहीच छापायला दिले नाही, ते यासाठीच.

कार्यकर्ती : असे थांबायला तुम्हाला परवडले. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरला संध्याकाळी फोटो पाठवावाच लागतो.

छायाचित्रकार : परवडले नाही ताई, पण हे काम असेच करावे लागते. जपानमधल्या मिनामाताचे उदाहरण आहे. कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने तिथली माणसे अपंग झाली. यूजीन स्मिथ आणि आयलीन स्मिथ तिथे १९७१ ते ७४ राहिले. कंपनीच्या माणसांनी यूजीनना जबर मारहाण केली, तरी ते हटले नाहीत. त्यांचा आईने आपल्या अपंग मुलीला न्हाणीत धरलेला फोटो जगभर गेला. मुलीचे आईवडील तेव्हा राजी होते. मुलगी १९७७ मध्ये गेली. पुढे तो फोटो जिकडेतिकडे वापरला जाणे त्यांना सोसेना. १९९८ मध्ये आयलीन यांनी ठरवले की यापुढे तो नव्याने छापायला द्यायचा नाही. इतका गाजलेला फोटो त्यांनी कुटुंबासाठी मागे घेतला.

कार्यकर्ती : सत्तावीस वर्षांनी.

छायाचित्रकार : हो, सत्तावीस वर्षांनी. होकार एवढा काळ जिवंत असतो, हे त्यांनी मानले. मला यातून तेच शिकायचे आहे.

पिशवी

कार्यकर्ती : आता माझा खरा मुद्दा. २०१९ मध्ये पिशव्या काढल्याचे प्रकरण बाहेर आले. सरकारला समिती नेमावी लागली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले, त्यात १३,८६१ जणींच्या गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या. गाव हादरले, विधिमंडळात चर्चा झाली. हे कुठल्या फोटोने झाले नाही. आधी बायका बोलल्या, मग बातमी झाली, मग आकडा आला.

छायाचित्रकार : आकड्याची ताकद मी नाकारत नाही.

कार्यकर्ती : आणि मग कॅमेरे आले. पोटावरची खूण दाखवा म्हणाले. विचार करा. एका बाईला अंगावरून जातेय, कंबर दुखतेय. एक दिवस घरी राहिली तर खाडा पडतो, पाचशे-हजार रुपये कापले जातात. फडात ना संडास, ना पाण्याची सोय. खाजगी दवाखान्यातला डॉक्टर सांगतो, पिशवी काढली की कटकट मिटेल, नाहीतर कॅन्सर होईल. ती कर्ज काढून काढते. आणि मग तिच्या पोटाचा फोटो छापून तुम्ही म्हणणार, हा पुरावा. तो कशाचा पुरावा? तिचे शरीर तर आधीच सगळ्यांनी वापरून घेतले.

छायाचित्रकार : मी खूण टिपलेली नाही. हे बघा.

कार्यकर्ती : हे तर कागद आहेत.

छायाचित्रकार : पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद. सोनोग्राफी, दवाखान्याचे बिल, घरी सोडल्याचे कार्ड. नाव झाकले आहे, वय ठेवले आहे, बिलाची रक्कम ठेवली आहे. आणि शेजारच्या चौकटीत त्याच घरातला मुकादमाच्या हिशेबाचा कागद, ज्यात खाडे मांडलेत. दोन्ही एकत्र पाहिले की कळते, ऑपरेशनचा निर्णय दवाखान्यात झाला नाही. तो खाड्याच्या हिशेबात झाला.

कार्यकर्ती : हे कामाचे आहे. हे मी आयुक्तांपुढे ठेवू शकते.

छायाचित्रकार : अमेरिकेत १९०८ पासून लुईस हाइन गिरण्यांत, खाणींत जाऊन राबणाऱ्या मुलांचे फोटो काढत. आत शिरायला मिळावे म्हणून कधी विमा एजंट, कधी आणखी कुणी बनून जात. कोटाच्या गुंडीशी मुलाची उंची ताडून मनात नोंदवत, वय विचारत, काम लिहून घेत. फोटोइतकाच त्या टिपणांना मान होता.

कार्यकर्ती : आणि कायदा कधी झाला?

छायाचित्रकार : १९१६ मध्ये एक झाला, तो १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. टिकणारा कायदा १९३८ मध्ये आला.

कार्यकर्ती : म्हणजे पहिल्या फोटोतली मुले तोवर चाळिशीला आली असतील. दादा, मी फोटोवर रागावलेली नाही. फोटोने लगेच काही बदलते, हे जे पुरस्कार सोहळ्यांत सांगितले जाते ना, त्यावर माझा राग आहे. मुंबईच्या कचरा वाहणाऱ्या कामगारांचे घ्या. सुधारक ओलवे यांनी त्यांचे फोटो काढले. गटारात उतरलेली माणसे, घाण, दारू, सगळे मुंबईला दाखवले. मी ते काम मानते. पण २०१७ मध्ये २,७०० कंत्राटी कामगार महापालिकेत कायम झाले ते युनियनने वर्षानुवर्षे सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा नेला म्हणून. फोटोने माणूस हळहळतो. कामगाराला कायम करते ती संघटना.

छायाचित्रकार : मग फोटो संघटनेच्या हाती पोचेल असा काढायला हवा. तो लढ्याची जागा घेत नाही, हे बरोबर. मीही तसे म्हणत नाही.

चेहरा

कार्यकर्ती : मुलांचे फोटो कमी दिसतात.

छायाचित्रकार : चेहरे दिसतील असे ठेवलेलेच नाहीत. फडात काम करणारे मूल, लग्न ठरवलेली अल्पवयीन मुलगी, यांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने बंदी आहे. आईवडिलांनी होकार दिला तरी मी त्यांचे चेहरे छापणार नाही.

कार्यकर्ती : बायकांच्या बाबतीतही असेच करा. ८ मे २०२० ला करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर गेले. जालन्याहून पायी निघालेले, थकून रुळावर झोपलेले. त्या दिवशीचा रुळांवर विखुरलेल्या भाकरींचा फोटो देशाने पाहिला. त्यात ना चेहरा होता, ना प्रेत. तरी कळायचे ते कळले. २०१८ च्या शेतकऱ्यांच्या नाशिक ते मुंबई मोर्चातही फोड आलेल्या पायांचे फोटो बोलले. चेहरा लागतोच असे कुठे आहे?

छायाचित्रकार : इथे मी तुमच्याशी सहमत नाही, ताई. दर वेळी पाय, हात, पाठ, पदराआडचे डोळे एवढेच दाखवले तर मजूर म्हणजे शरीराचे तुकडे होऊन बसतात. कारखान्याच्या अध्यक्षाचा फोटो पानभर, नावासकट, पुष्पगुच्छासकट. आणि ऊस तोडणाऱ्या बाईचे फक्त भेगाळलेले हात. संरक्षणाच्या नावाखाली तिला कायम बेनामी ठेवणे हाही अन्यायच.

कार्यकर्ती : चेहरा दाखवला तर पुढच्या वर्षी मुकादम तिला टोळीत घेत नाही. मी हे पाहिलेले आहे.

छायाचित्रकार : फडातला चेहरा नको, हे मानतो. पण हे बघा. वैशाखातले फोटो. घराला पोतेरा देणारी, लग्नात नथ घालून बसलेली, जत्रेत पाळण्यात बसून मोठ्याने हसणारी. आषाढात वारीला निघालेली. मिरगाच्या पावसात स्वतःच्या दीड एकरात सरकी टोकणारी. हे चेहरे त्यांनी स्वतः दाखवायला सांगितले. एकीने तर विचारले, तुम्ही लोक नेहमी फडातच का येता, आम्ही घरी पण असतो की!

कार्यकर्ती : हे मात्र तिने बरोबर विचारले. हे फोटो मी आधी पाहायला हवे होते. वर्षातले सहा महिने या बाया शेतकरी असतात, आई असतात, बचत गटाच्या अध्यक्ष असतात. आमच्या अहवालांतही त्या फक्त पीडित म्हणून येतात.

छायाचित्रकार : त्यांनी माझ्याकडे सर्वांत जास्त कसले फोटो मागितले माहीत आहे? पासपोर्ट साइजचे.

कार्यकर्ती : ओळखपत्रासाठी.

छायाचित्रकार : हो.

कार्यकर्ती : २०२१ मध्ये शासनाने ठरवले की ग्रामसेवकाने ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रे द्यायची. मुकादमाच्या वहीत कोयता नवऱ्याच्या नावावर असतो, बाईचे नाव कुठेच नसते. अर्धा ऊस ती तोडते आणि कागदावर ती कामगारच नाही. तिच्या स्वतःच्या नावाचे, तिचा फोटो असलेले कार्ड हा तिचा पहिला पुरावा. तुमच्या कॅमेऱ्याने त्यांच्यासाठी थेट काही केले असेल तर ते तेवढेच.

छायाचित्रकार : मला ते कमी वाटत नाही.

मुकादम

कार्यकर्ती : हा एक फोटो मात्र काढून टाका.

छायाचित्रकार : कोणता?

कार्यकर्ती : मुकादम डोक्याला हात लावून बसलाय, बायको मागे रडतेय. याने काय सांगायचेय तुम्हाला?

छायाचित्रकार : घडले ते. दोन कोयते उचल घेऊन दुसऱ्या टोळीत निघून गेले. पैसा याने कारखान्याकडून स्वतःच्या सहीवर उचललेला. वसुली याच्याकडून होणार, शेत गहाण पडणार. हा त्याच गावचा, त्याच जातीचा, याचे आईबापही ऊस तोडायचे.

कार्यकर्ती : मला हे सगळे माहीत आहे. पण हा फोटो उद्या कारखानदार मिरवतील. बघा, मजूर कसे फसवतात! आमची दर वाढवून घेण्याची लढाई सोपी नाही. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली ती संप, वाटाघाटी, कोयता बंद आंदोलन यांच्या जोरावर. अशा वेळी मुकादमाबद्दल हळहळ वाटेल असा फोटो नको.

छायाचित्रकार : ताई, बिचारी म्हटले की अन्याय करणारा दिसत नाही, असे तुम्हीच म्हणालात. मग मुकादमाला एकट्याला खलनायक केले की त्याच्या पाठीमागचा कारखाना दिसत नाही, हेही खरे आहे. कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. म्हणून ना भविष्यनिर्वाह निधी, ना बाळंतपणाची रजा. सगळी जोखीम मुकादमाच्या अंगावर ढकललेली आणि तो ती खाली बायकांच्या अंगावर ढकलतो. हा फोटो काढला तर साखळीतला एक दुवाच गायब होईल. मी तुमच्या लढ्याच्या बाजूचा आहे. पण तुम्हाला सोयीचे तेवढेच दाखवले तर तो प्रचार होईल आणि मग माझ्या बाकीच्या फोटोंवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

कार्यकर्ती : फोटोखाली हे सगळे लिहाल?

छायाचित्रकार : फोटोइतक्याच मोठ्या अक्षरात.

कार्यकर्ती : मग ठेवा. मला पटले असे नाही. पण तुमचे म्हणणे चुकीचे आहे असेही मला म्हणता येत नाही.

मालकी

कार्यकर्ती : शेवटचा प्रश्न पैशाचा. हे फोटो कुणाचे?

छायाचित्रकार : कायद्याने माझे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. फोटोतल्या माणसाला त्यात काही नाही.

कार्यकर्ती : म्हणजे बाई मेली तरी तुमच्या नातवंडांना पैसे मिळतील.

छायाचित्रकार : कायदा असा आहे. आणि हे नवे नाही. १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातल्या वाटाण्याच्या मळ्याजवळ एका स्थलांतरित आईचे फोटो काढले. नावही विचारले नाही. वर्तमानपत्रात आल्यावर सरकारने त्या छावणीत नऊ टन अन्न पाठवले, तोवर ती बाई मुलांना घेऊन पुढे गेलेली होती. जगातला बहुधा सर्वांत गाजलेला तो फोटो. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव जगाला कळले १९७८ मध्ये. या फोटोतून आपल्याला काही मिळाले नाही, असे तिने सांगितले. १९८३ मध्ये ती आजारी पडली तेव्हा उपचारासाठी लोकांकडून देणग्या गोळा कराव्या लागल्या.

कार्यकर्ती : हे सांगून तुम्ही माझीच बाजू मांडताय.

छायाचित्रकार : मांडतोय. फोटोसाठी बसायचे पैसे मी देणार नाही. पैसे दिले की लोक मला हवे ते करून दाखवतात आणि मग खरे काय ते कळत नाही. पण पुस्तक निघाले, प्रदर्शन विकले गेले, तर येणाऱ्या पैशातला वाटा टोळीतल्या महिलांच्या गटाला जाईल. हे लिहून देतो.

कार्यकर्ती : आणि प्रदर्शन पहिल्यांदा कुठे लागेल?

छायाचित्रकार : मुंबईच्या कलादालनाने विचारले आहे.

कार्यकर्ती : आधी इथे लावा. पी. साईनाथ यांनी कष्टकरी बायांच्या फोटोंचे प्रदर्शन बसस्टँडवर, कारखान्यांच्या दारात, शेतमजुरांच्या मेळाव्यांत नेले. ज्यांचे फोटो त्यांच्यासारख्यांनीच आधी पाहिले. तुम्ही भादव्यात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, उचलीची बोलणी सुरू व्हायच्या आधी. बायांना आपला सबंध वर्षाचा हिशेब एकत्र दिसू द्या. काय लावायचे ते त्या ठरवतील.

छायाचित्रकार : सगळे त्या ठरवतील असे म्हणत नाही. मुकादमाचा फोटो मी लावणार. पण स्वतःचा फोटो लावायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचे.

कार्यकर्ती : एवढे झाले तरी पुष्कळ. आणि मुंबईत लागेल तेव्हा एक कोयता तरी तिथे बोलायला असेल. नवऱ्याबरोबर बायकोही. आणि तिकीट तुम्ही काढायचे.

छायाचित्रकार : काढतो.

इथे वाद मिटलेला नाही. छायाचित्रकार स्वतःची नजर सोडायला तयार नाही आणि ती त्याने सोडूही नये. कार्यकर्तीचा फोटोवरचा संशय गेलेला नाही आणि तोही जाऊ नये. पण दोघांच्या बोलण्यातून एक गोष्ट स्पष्ट होते आणि माझे मत तेच आहे. दुःखाच्या फोटोचा खरेपणा तो कसा काढला यापेक्षा किती काळ थांबून काढला यावर अधिक ठरतो. संकटाच्या दिवशी गेलेल्या कॅमेऱ्याला परिणाम सापडतो. कारण सापडायला संकटाच्या आधीचे आणि नंतरचे महिने लागतात. खरा होकारही तेव्हाच मिळतो, कारण माणूस कर्ज देणाऱ्याच्या नजरेतून सुटून स्वतःच्या घरात बसल्यावरच मोकळेपणाने नाही म्हणू शकतो.

महाराष्ट्रात दरवर्षी फडातले फोटो छापणाऱ्या संपादकांना, ते मागवणाऱ्या संस्थांना आणि त्यांना पुरस्कार देणाऱ्या परीक्षकांना म्हणूनच माझी मागणी आहे. डिसेंबरच्या फोटोला पैसा देता, तसा भादव्याच्या फोटोलाही द्या. छायाचित्रकाराला चार दिवसांचा भत्ता देऊ नका, वर्षाचा द्या. ज्यांचे फोटो आहेत त्यांना ते छापण्याआधी दाखवायची आणि नको म्हटल्यास काढून टाकायची अट करारात लिहा. फोटोखालच्या मजकुराला फोटोइतकी जागा द्या. यातले काहीच अशक्य नाही आणि महागही नाही. एका कोयत्याची उचल जेवढी असते, तेवढ्यात एका छायाचित्रकाराचे गावातले बरेच महिने निघतील.

आणि वाचकाने एवढेच करावे. यंदा हिवाळ्यात मोळी घेतलेल्या बाईचा फोटो समोर आला की विचारावे, हिने भादव्यात किती उचल घेतली होती, कुणाकडून आणि का? त्या पानावर याचे उत्तर नसेल तर संपादकाला पत्र लिहावे. वाचकांनी मागितल्याशिवाय वर्षभराचे काम कुणी छापणार नाही आणि वर्षभराच्या कामाशिवाय या बायांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचणार नाही.